नव्या व्यवसायाची उभारणी : चाचणी, प्रतिसाद आणि दुरुस्ती

प्रस्तावना



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, अहवाल, जाहिरात यांच्या लेखनाचा विचार करतो. प्रस्तुत पाठाचा विषय प्रथमदर्शनी भाषेपासून दूरचा वाटेल. नवा व्यवसाय कमी खर्चात, कमी वेळात आणि कमीत कमी नुकसान सोसून कसा उभा करावा, हा तो विषय होय. मात्र या प्रक्रियेतील सर्वांत अवघड भाग लोकांना प्रश्न विचारणे, त्यांची उत्तरे ऐकणे आणि त्यांचा अर्थ लावणे हा आहे. हे काम भाषेचेच आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याला ते इतरांपेक्षा अधिक चांगले साधावे अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेती, नोकरी किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या अनेकांच्या मनात एखाद्या लहान व्यवसायाची कल्पना असते. कोणाला डाळीचा, कोणाला हळद पावडरीचा, कोणाला छपाईचा अथवा खानावळीचा उद्योग सुरू करावयाचा असतो. कल्पना सुचली की सामान्यतः पहिली धाव बँकेकडे जाते. प्रकल्प अहवाल तयार होतो, यंत्राचे दरपत्रक मागविले जाते, तारण म्हणून घरातील सोने किंवा जमीन पुढे येते. सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि मग माल घेणारा माणूस शोधण्यास सुरुवात होते. या पाठाचे म्हणणे असे की, हा क्रम उलट केला पाहिजे. पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला स्वतःच्या व्यवसायकल्पनेतील गृहीतके वेगळी काढता यावीत, त्यांची अल्पखर्ची चाचणी आखता यावी आणि ग्राहकाच्या बोलण्यातील शिष्टाचार कोणता व माहिती कोणती, हे ओळखता यावे.

‘काटक’ हा शब्द

ही विचारपद्धती एरिक रीस या अमेरिकन उद्योजकाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकामुळे जगभर परिचित झाली. तिची मुळे जपानमधील टोयोटा कंपनीत ताइची ओहनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या उत्पादनपद्धतीत आहेत. जे काम ग्राहकाच्या उपयोगाचे नाही ते वायाच, असा तिचा दृष्टिकोन आहे. ‘लीन’ या शब्दासाठी मराठीत ‘काटकसरी’ असा पर्याय काही वेळा योजला जातो. तो नेमका नाही. काटकसरी माणूस खर्च टाळतो. काटक माणसाच्या अंगावर मांस कमी असले तरी कामाला तो मागे हटत नाही. या पद्धतीत अभिप्रेत असलेला गुण दुसरा आहे. पैसा वाचविणे हा तिचा हेतू नाही. आपल्याला अद्याप ज्ञात नसलेल्या गोष्टीवर पैसा लावण्यापूर्वी ती गोष्ट जाणून घेणे, हा आहे.

लातूर पॅटर्न आणि त्याची मर्यादा

चाचणी व दुरुस्ती ही कल्पना आपल्या भागाला नवीन नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या प्राचार्यपदाच्या काळात आकाराला आलेला ‘लातूर पॅटर्न’ तुम्हांला परिचित आहे. डॉ. वाघमारे हे पुढे १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. परीक्षेपूर्वी वारंवार सराव चाचण्या घ्यायच्या, उत्तरपत्रिकेतील चुका विद्यार्थ्याला दाखवायच्या आणि पुन्हा चाचणी घ्यायची, हे या पॅटर्नचे प्रमुख सूत्र. अंतिम परीक्षेतील चूक महाग पडते. सराव चाचणीतील चूक स्वस्त असते आणि काही शिकवूनही जाते.

व्यवसायालाही हे सूत्र लागू पडते. परंतु एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. परीक्षेतील प्रश्नाचे बरोबर उत्तर तपासनिसाजवळ आधीपासून असते. नव्या व्यवसायात ते कोणाजवळही नसते. बँकेचा अधिकारी, यंत्राचा विक्रेता, अनुभवी नातेवाईक, इतकेच काय, स्वतः ग्राहकही ते आधी सांगू शकत नाही. म्हणून येथे प्रश्नसुद्धा आपणच काढावे लागतात. चुकीचा प्रश्न काढला तर उत्तम गुण मिळूनही काही हाती लागत नाही.

गृहीतके वेगळी काढणे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, उदगीरजवळच्या एका गावातील एका विद्यार्थिनीला घरच्या तुरीची डाळ तयार करून ती लातूर व नांदेड शहरांत विकावयाची आहे. लातूर जिल्हा तुरीसाठी व डाळ उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कल्पना निराधार नाही. तिच्या डोळ्यांसमोर सहा लाख रुपयांची लहान डाळमिल आहे.

तिची योजना एका वाक्यात सांगता येते : ‘शहरातील कुटुंबे गावाकडची चांगली डाळ थोडा अधिक भाव देऊन घेतील.’ या वाक्याचे तुकडे करून पाहा. शहरातील कुटुंबे डाळ विकत घेतात, हे एक गृहीतक. आताच्या डाळीबद्दल ती असमाधानी आहेत, हे दुसरे. त्यांना आपल्या डाळीतील फरक जाणवेल, हे तिसरे. फरक जाणवला तर ती अधिक पैसे देतील, हे चौथे. आणि एकदा दिले तर पुन्हा देतील, हे पाचवे. यंत्र नीट चालेल की नाही ही शंका या यादीत फार खाली येते, कारण डाळ भरडण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. तरीही सर्वाधिक चौकशी होते ती यंत्राचीच. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळविणे सोपे असते, त्यावर माणूस अधिक वेळ घालवितो, असे दिसून येते.

या गृहीतकांपैकी जे खोटे ठरल्यास संपूर्ण योजना कोसळेल आणि ज्याविषयी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे, ते प्रथम तपासावयाचे असते. वरील उदाहरणात ते पाचवे गृहीतक आहे : लोक दुसऱ्यांदा घेतील काय?

अल्पखर्ची चाचणी

या पद्धतीत ‘मिनिमम व्हायबल प्रॉडक्ट’ अशी एक संज्ञा वापरली जाते. एखादे गृहीतक तपासण्यास पुरेल इतकाच, पण ग्राहकाने खरोखर वापरावा असा माल किंवा सेवा, असा तिचा आशय आहे. कच्चा किंवा सदोष माल असा तिचा अर्थ नाही.

आपल्या विद्यार्थिनीला यासाठी डाळमिलची आवश्यकता नाही. एक क्विंटल तूर एखाद्या चालू मिलमधून मजुरी देऊन भरडून घेतली तर सुमारे सत्तर किलो डाळ हाती येते. तुरीचा भाव हिशेबासाठी सात हजार रुपये धरू. भरडाई, पिशव्या व वाहतूक मिळून आणखी पंधराशे. एकूण खर्च साडेआठ हजार, म्हणजे किलोला सुमारे एकशे एकवीस रुपये. चुनी व टरफले घरच्या जनावरांना होतील. पस्तीस घरांना प्रत्येकी दोन किलो डाळ रोख पैसे घेऊन द्यावयाची आणि पुढील महिन्यात कोण पुन्हा मागते, हे पाहावयाचे. चाचणी पूर्णपणे फसली तरी उरलेली डाळ घरात शिजविता येते. सहा लाखांच्या यंत्राबाबत हे शक्य नाही.

येथे दोन पथ्ये आहेत. पहिले असे की, निकालाचा निकष आधी लिहून ठेवावा. ‘पस्तीसपैकी किमान पंधरा घरांनी दुसऱ्यांदा घेतली तरच पुढे जायचे,’ असे काहीतरी वहीत तारखेसह नोंदवून ठेवावे. निकष आधी ठरविला नाही तर सहा घरांनी घेतल्यावरही ‘सुरुवात म्हणून वाईट नाही’ असे मन समजूत घालते. दुसरे पथ्य उधारीचे. आपल्या भागात सुगीनंतर पैसे देण्याची रीत जुनी व समजण्याजोगी आहे. परंतु उधारीवर गेलेल्या मालावरून लोकांची पसंती कळत नाही. फुकट वाटलेल्या नमुन्यावरून तर मुळीच कळत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत चाचणी लहान आहे म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी, स्वच्छता, पिशवीवरील तारीख व वजन यांत सवलत घेता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

प्रश्न विचारण्याची भाषा

आता या पाठाच्या गाभ्याकडे येऊ. ग्राहकाला ‘आमची डाळ आवडली का?’ असे विचारले की, ‘छान आहे’ असे उत्तर येते. ‘पुन्हा घ्याल का?’ असे विचारले की, मराठवाड्यात ‘घेऊत की’ असे म्हटले जाते. त्याहून थोडा अधिक संकोच असेल तर ‘बघूत’. ही उत्तरे खोटी नव्हेत. दारात आलेल्या माणसाचे मन मोडू नये, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती चांगली आहे. व्याकरणदृष्ट्या ‘घेऊत की’ मधील क्रियापद भविष्यकाळी आहे. पण त्यात भविष्याविषयी कोणतीही माहिती नाही. माहिती आहे ती बोलणाऱ्याच्या सौजन्याविषयी. अशा पन्नास सौजन्यपूर्ण उत्तरांच्या भरवशावर कर्ज काढणारी माणसे आपल्या परिचयात असतात.

यावर उपाय भाषेतच आहे. भविष्यकाळी प्रश्न टाळून भूतकाळी प्रश्न विचारावेत. भविष्याबद्दल माणूस इच्छा सांगतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बहुधा घटना सांगतो. पुढील संवाद पाहा.

‘मावशी, मागच्या वेळी डाळ कुठून आणली होती?’
‘मागच्या वेळी? आणली नाही की. गावाकडून आली.’
‘किती आली?’
‘दीर दरवर्षी धाडतात. वर्षाची एकदमच.’
‘मग विकत कधी घेता?’
‘पाहुणेरावळे जास्त झाले, लग्नकार्य निघालं, तर मोंढ्यातून आणतो.’

‘आमची डाळ घ्याल का?’ या प्रश्नाला याच मावशींनी ‘घेऊत की’ असे म्हटले असते आणि विद्यार्थिनी समाधानाने परतली असती. या तीन प्रश्नांनी पहिलेच गृहीतक डळमळीत केले. या घराबाबत तिची स्पर्धा बाजारातील नामांकित पिशवीशी नाही. दिराच्या शेताशी आहे. गावाशी नाळ न तुटलेल्या आपल्या शहरांत हा प्रकार विरळा नाही. आता तिला शोध घ्यावा लागेल तो गावाकडे शेत नसलेल्या, भाड्याने राहणाऱ्या, बदलीवर आलेल्या कुटुंबांचा. शिकवणीसाठी आलेल्या मुलांना जेवू घालणाऱ्या लातूर-नांदेडमधील खानावळींचाही विचार करता येईल. खानावळचालकाला डाळीच्या गावरान चवीपेक्षा क्विंटलचा भाव, शिजण्यास लागणारा गॅस आणि वेळेवर पुरवठा यांत अधिक रस असेल. म्हणजे ग्राहक बदलला की मालाचे वर्णन बदलते, भाव बदलतो, व्यवसायच बदलतो. साध्या संभाषणातून हे कळू शकते.

उत्तरे नोंदविताना ग्राहकाचेच शब्द लिहावेत. ‘डाळ शिजायला लई वेळ लागतो’ हे वाक्य ‘गुणवत्तेबाबत तक्रार’ अशा प्रमाण शब्दांत उतरविले की उपयोगाची माहिती नाहीशी होते. वेळ लागतो म्हणजे काय करावे, याचा विचार सुरू होतो. ‘गुणवत्ता’ या शब्दापाशी विचार थांबतो. बोलीचे शब्द जसेच्या तसे टिपण्याची जी सवय लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यात अपेक्षित असते, तीच येथे उपयोगी पडते. आणि नोंद त्याच दिवशी करावी. दोन दिवसांनी आठवते ते आपल्याला सोयीचे तेवढेच.

आठवडी बाजार आणि यात्रा

चाचणी कोठे घ्यावी, याचेही उत्तर आपल्या परिसरात आहे. आठवडी बाजारात तीच माणसे दर सात दिवसांनी येतात. या आठवड्यात मसाला घेऊन गेलेली बाई पुढच्या आठवड्यात समोरून जाते. ती थांबते, की नजर चुकवून पुढे जाते, हे दिसते. मिश्रणात बदल करावा आणि सात दिवसांनी पुन्हा पाहावे. वर्षभरात पन्नासहून अधिक वेळा अशी संधी मिळते.

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेची गोष्ट निराळी. तेथे अफाट गर्दी असते, विक्रीही जोरात होऊ शकते. पण घेणारा माणूस पुन्हा भेटेलच असे नाही. चार दिवसांत मालाचा फडशा पडला म्हणून व्यवसाय चालेल असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यात्रेत पैसे मिळवावेत. पडताळणी आठवडी बाजारात करावी. महिला बचत गटांच्या वार्षिक प्रदर्शनांतील विक्रीलाही हीच मर्यादा लागू होते.

नकाराचा अर्थ : किर्लोस्करांचा नांगर

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी असा समज करून घेईल की, ग्राहक नाही म्हणाला की थांबावे. मराठी उद्योगजगतातील एक प्रसिद्ध उदाहरण याच्या विरुद्ध बाजूचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग ओळखण्यात अडचण येते असे आढळल्याने त्यांनी तो मार्ग सोडला आणि यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते अध्यापनही करीत. त्यांचा पहिला व्यवसाय कारखान्याचा नव्हता. बेळगावला सायकलींचे लहानसे दुकान होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, बंधू रामूअण्णा यांनी त्या विकायच्या आणि घेणाऱ्याला चालविण्यासही शिकवायचे. दुसऱ्याने तयार केलेली वस्तू विकत असताना गावाला नव्या यंत्राची ओळख कशी करून द्यावी लागते, याचा अनुभव या दुकानाने दिला असला पाहिजे.

पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. नांगर उत्तम होता. तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या उदाहरणातून ‘चिकाटी धरावी’ एवढाच धडा काढण्याची प्रथा आहे. ती मला अपुरी वाटते. चिकाटीने बुडालेले उद्योगही कमी नाहीत. नकारामागील कारण कोणते, हे येथे पाहिले पाहिजे. शेतकऱ्याने ‘नांगर महाग आहे’ असे म्हटले असते तर किमतीचा विचार करावा लागला असता. ‘माझे बैल तो ओढणार नाहीत’ असे म्हटले असते तर आराखड्याचा. ‘लोखंडाने जमीन नासते’ हे कारण मात्र एका समजुतीविषयी आहे, आणि नांगरलेल्या शेतात पीक उभे राहिले की ती समजूत शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत तपासली जाते. असा नकार कायमचा नसतो. पण त्याला हंगामांचा वेळ लागतो. तेवढा काळ तग धरण्याइतपत दुसरे उत्पन्न हाताशी आहे काय, हा प्रश्न मग चिकाटीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

म्हणून चाचणीनंतर पुढे तीन मार्ग असतात : चालू ठेवणे, दिशा बदलणे किंवा थांबणे. कोणता निवडावा हे ‘किती जण नाही म्हणाले’ यापेक्षा ‘का नाही म्हणाले’ यावर अधिक अवलंबून असते.

दिशा न बदलता केवळ पद्धत बदलणे, हाही एक प्रकार आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हाच पुढचा ‘लिज्जत पापड’. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी आणली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी. वाळवणी यंत्रासाठी कर्ज काढल्याशिवाय अडचण सुटली.

पद्धतीच्या मर्यादा

प्रत्येक व्यवसाय लहान प्रमाणात तपासता येत नाही. साखर कारखाना दहा टक्के उभारून पाहता येत नाही. अर्धापूरच्या परिसरात केळीची लागवड करणाऱ्याला आपल्या निर्णयाचा निकाल कळण्यास सुमारे वर्ष लागते. अशा ठिकाणी इतरांच्या अनुभवाचा अभ्यास, करार आणि विमा यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. शिवाय प्रत्येकाचे ऐकून प्रत्येक आठवड्यात माल बदलणारा विक्रेता आपली ओळखच गमावतो. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाचा परिणाम झाला हे कळत नाही.

शासकीय अनुदानाविषयीही एक शब्द. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान मिळू शकते. ते अवश्य घ्यावे. मात्र अनुदान अधिक मिळावे म्हणून यंत्र मोठे घेतले तर उरलेले कर्जही मोठे होते. यंत्राचा आकार दुसऱ्यांदा माल मागणाऱ्या ग्राहकांच्या संख्येवरून ठरवावा, आणि ती संख्या अर्ज भरण्यापूर्वीच आपल्या वहीत असावी.

स्वाध्याय

१. तुमच्या मनातील व्यवसायकल्पना एका वाक्यात लिहा. त्या वाक्यातील किमान चार गृहीतके वेगळी काढा आणि त्यांपैकी प्रथम कोणते तपासाल, ते सकारण स्पष्ट करा.

२. ‘तुम्हांला घरपोच भाकरी मिळाली तर घ्याल का?’ या प्रश्नाऐवजी विचारता येतील असे पाच भूतकाळी प्रश्न तयार करा. ते तीन व्यक्तींना प्रत्यक्ष विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत नोंदवा. कोणत्या उत्तरात शिष्टाचार आहे व कोणत्या उत्तरात माहिती, ते अधोरेखित करा.

३. तुमच्या गावातील बंद पडलेल्या एखाद्या लहान उद्योगाविषयी, संबंधितांची नावे न देता, दोनशे शब्दांत टिपण लिहा. तेथे कोणती चाचणी आधी घेता आली असती आणि तिला किती खर्च आला असता, याचा अंदाज द्या.